खारे पाणी, गोडे मासे आणि दोन पूर्णा 🧵

१/ महाराष्ट्रात पूर्णा नावाच्या दोन नद्या आहेत. आमच्या गोरेगावच्या हिंगोली जिल्ह्यातली गोदावरीला मिळते. तिचे पाणी गोडे. दुसरी तापीला मिळते. तिच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्यात, खारपाणपट्टा पसरला आहे.

२/ १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरींनी पियुष ग्रंथीच्या अर्काने कार्प माशांचे प्रजनन घडवले. नदीतून बीज गोळा करण्याची अगतिकता सरली. निवडीचा मार्ग खुला झाला.

३/ १९९७ मध्ये नॉर्वेच्या सहकार्याने भुवनेश्वरला ‘जयंती रोहू’ सिद्ध झाला. निकष होता वाढीचा, तोही गोड्या पाण्यातला.

४/ खाऱ्या पाण्यात माशाची शक्ती क्षारांचा समतोल राखण्यात खर्च होते. तो जगतो, पण वाढ खुंटते. म्हणून फिलिपिन्समध्ये क्षार सोसणारा मोझांबिक आणि झपाट्याने वाढणारा नाईल तिलापिया यांचा संकर केला गेला.

५/ खारपाणपट्ट्यासाठी ‘सुधारित’ बीज घेताना म्हणूनच विचारावे: सुधारणा कोणत्या पाण्यात झाली?