एका खांबावरचे चार घुमट

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात राहणाऱ्याला या देशात काही जुने असेल असे सहसा वाटत नाही. चहूकडे पत्र्याच्या शेड आणि गोदामे! पण हजर पर्वत ओलांडून खोर फक्कानला गेलात, की तिथून थोडे उत्तरेला, फुजैरा अमिरातीतल्या अल बिदिया गावात एक चिमुकली मशीद आहे. १९९७-९८ च्या उत्खननानंतर तिचा काळ साधारण १४४६ ठरला. म्हणजे पोर्तुगीजांनी १५०७ मध्ये खोर फक्कान लुटले, तेव्हाही ती उभी होती.

मशिदीला मिनार नाही. दगड-मातीच्या जाड भिंती, लांबी-रुंदी जेमतेम सात मीटर, आणि वर लहानमोठे चार बुटके घुमट.

खरी गंमत आत आहे. या मुलखात लांब तुळईजोगे लाकूड दुर्मीळ. दगड-माती दाब सोसते, ताण सोसत नाही. मग बांधणाऱ्याने काय केले? मधोमध एकच खांब उभारला, त्यावरून भिंतींकडे कमानी टाकल्या आणि जागेचे चार चौकोन पाडून प्रत्येकावर घुमट चढवला. समोरासमोरच्या कमानींचे रेटे खांबाशी बऱ्याच अंशी एकमेकांना तोलतात, बाहेरचा रेटा जाड भिंती पेलतात. ना लोखंड, ना सिमेंट!

माती दर काही वर्षांनी लिंपावी लागते. वापर थांबला की ती ढासळते. इथे आजही नमाज होतो, म्हणून ही वास्तू टिकली. आपल्याकडे मात्र जीर्णोद्धार म्हटला की जुन्या दगडी देवळावर ऑइलपेंट आणि गाभाऱ्यात टाइल्स. टिकवणे म्हणजे नवे करणे नव्हे, एवढे या एका खांबाकडून शिकलो तरी पुष्कळ.