हौशी खेळाची प्रादेशिक साखळी : मुंबईची कांगा लीग आणि इंग्लंडमधील रग्बीचा दृष्टान्त

१

संघटित क्रीडेच्या इतिहासात ‘हौशी’ हा शब्द वरवर दिसतो तितका निरुपद्रवी नाही. खेळण्याबद्दल पैसा न घेणारा तो हौशी, अशी त्याची सोपी व्याख्या करता येते. परंतु खेळण्यास लागणारा वेळ कोणापाशी असतो आणि तो वेळ कोण विकत घेऊ शकतो, हा प्रश्न त्या व्याख्येच्या पोटात दडलेला असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील रग्बीची संघटना याच प्रश्नावर दुभंगली. विसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईत क्रिकेटची जी पावसाळी साखळी उभी राहिली, तिच्यापुढेही हाच प्रश्न होता. मात्र तो निराळ्या मार्गाने सोडविला गेला. या दोन मार्गांची तुलना केली असता मुंबईच्या नागरी जीवनातील एका महत्त्वाच्या स्थित्यंतरावर प्रकाश पडतो. जातिधर्मनिहाय चमूंची जागा वस्तीच्या आणि कचेरीच्या चमूंनी कशी घेतली, हे ते स्थित्यंतर होय.

२

रग्बी फुटबॉल युनियनची स्थापना लंडनमध्ये २६ जानेवारी १८७१ रोजी झाली. तिचे चालक बहुतांशी पब्लिक स्कूलांत शिकलेले, सुस्थितीतील गृहस्थ होते. शनिवारी दुपारी खेळावयास जाण्यात त्यांचे काहीच बुडत नसे. परंतु यॉर्कशर व लँकेशर या उत्तरेकडील परगण्यांत हा खेळ गिरण्या, गोद्या आणि कोळशाच्या खाणी यांत राबणाऱ्या मजुरांपर्यंत पोहोचला होता. १८७७ मध्ये सुरू झालेल्या यॉर्कशर करंडकाने गावागावांत चुरस निर्माण केली आणि १८९२ मध्ये या दोन्ही परगण्यांत प्रमुख क्लबांच्या नियमित साखळी स्पर्धा सुरू झाल्या. सामन्यासाठी मजूर कामावर गेला नाही, तर त्याची तेवढी मजुरी बुडे. ही बुडालेली मजुरी भरून द्यावी, एवढीच उत्तरेकडील क्लबांची मागणी होती. १८९३ च्या सर्वसाधारण सभेत ती फेटाळली गेली. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लबांच्या प्रतिनिधींची बैठक भरली आणि त्यांनी नॉर्दर्न युनियन या नावाची स्वतंत्र संघटना स्थापन केली. पुढे १९०६ मध्ये या संघटनेने खेळाडूंची संख्या पंधरावरून तेरावर आणली आणि एकाच खेळाचे कायमचे दोन खेळ झाले.

या फुटीचा मूळ संघटनेवर झालेला परिणाम विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. साखळी स्पर्धा म्हणजे चुरस, चुरस म्हणजे गर्दी, गर्दी म्हणजे पैसा आणि पैसा म्हणजे धंदेवाईकपणा, अशी कारणपरंपरा युनियनच्या धुरीणांच्या मनात ठाम बसली. परिणामी क्लबाक्लबांतील सामने दीर्घकाळ केवळ स्नेहसामन्यांच्या स्वरूपात होत राहिले. राष्ट्रीय पातळीवरील बाद पद्धतीची क्लब स्पर्धा १९७१–७२ च्या हंगामात आली आणि चढत्या–उतरत्या श्रेणींची देशव्यापी साखळी तर १९८७ मध्ये अस्तित्वात आली. ऑगस्ट १९९५ मध्ये, म्हणजे फुटीला बरोबर शंभर वर्षे होत असताना, रग्बी युनियननेही हौशीपणाचे बंधन सोडून दिले. साखळी आणि हौशीपणा एकत्र नांदू शकत नाहीत हा सिद्धान्त, निदान इंग्लंडपुरता, अशा रीतीने खरा ठरल्यासारखा दिसतो. तो सार्वत्रिक आहे काय, हे पाहण्यास मुंबईचे उदाहरण उपयोगी पडते.

३

मुंबईत क्रिकेट प्रथम रुजले ते पारशी समाजात; ओरिएंटल क्रिकेट क्लब १८४८ मध्ये निघाला. १८७५ मध्ये स्थापन झालेला बॉम्बे जिमखाना केवळ युरोपियनांसाठी होता. याच जिमखान्याच्या हिरवळीवर पावसाळ्यात रग्बीही खेळली जाई. तथापि तो खेळ शहरातील देशी वस्तीपर्यंत फारसा पसरला नाही. क्रिकेट मात्र पसरले, आणि ते पसरले समाजनिहाय जिमखान्यांच्या द्वारे. पारशी, मुसलमान व हिंदू यांना समुद्रकिनाऱ्यालगत स्वतंत्र भूखंड मिळाले व त्यांवर त्यांचे जिमखाने उभे राहिले. १८९२ पासून युरोपियन आणि पारशी यांच्यात होणाऱ्या सामन्यांना १९०७ मध्ये हिंदूंच्या प्रवेशाने तिरंगी, १९१२ मध्ये मुसलमानांच्या प्रवेशाने चौरंगी आणि १९३७ मध्ये ‘इतर’ या चमूच्या समावेशाने पंचरंगी स्वरूप आले.

या सामन्यांची लोकप्रियता अफाट होती यात शंका नाही. परंतु त्यांच्या रचनेतच एक दोष होता. येथे खेळाडूची ओळख त्याच्या जन्मावरून ठरत असे. त्याचा सर्वांत तीव्र अनुभव पळवणकर बाळू यांना आला. पुण्यातील युरोपियन जिमखान्यात मैदानाची निगा राखीत असता, सरावासाठी येणाऱ्या इंग्रज फलंदाजांना गोलंदाजी करून त्यांनी आपली कला घडविली. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावरील ते सर्वांत यशस्वी भारतीय गोलंदाज ठरले. तरीही अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीत जन्मल्यामुळे हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना दीर्घकाळ नाकारले गेले. ते त्यांचे बंधू विठ्ठल यांच्याकडे १९२३ मध्ये आले. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी वर्ध्यास महात्मा गांधींना भेटले, तेव्हा गांधीजींनी खेळातील हा जातीय भेद आपणास मान्य नसल्याचे स्पष्ट केले. १९४५–४६ च्या हंगामानंतर पंचरंगी सामने बंद पडले.

४

या पार्श्वभूमीवर १९४८ मध्ये कांगा लीग सुरू झाली. डॉ. होरमसजी दोराबजी कांगा (१८८०–१९४५) हे वैद्यकीय व्यवसाय करणारे पारशी क्रिकेटपटू. १९११ च्या ज्या दौऱ्यात बाळू गाजले, त्याच दौऱ्यात कांगाही होते. जुन्या समाजनिहाय क्रिकेटमध्ये घडलेल्या गृहस्थाचे नाव नव्या क्लबनिहाय साखळीला मिळावे, यात परंपरेचे सातत्य आणि तिची समाप्ती ही दोन्ही सूचित होतात.

या साखळीचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य तिच्या ऋतूत आहे. जगभर पाऊस आला की क्रिकेट थांबते. येथे पाऊस आला की साखळी सुरू होते. न झाकलेल्या ओल्या खेळपट्टीवर चेंडू कधी थबकून, तर कधी अचानक उसळून येई. गवत वाढलेले असल्याने जमिनीलगतचा फटका चिखलात अडून राही. त्यामुळे येथे धावसंख्या अल्प आणि बळी विपुल, असाच सामान्य अनुभव होता. अशा खेळपट्टीवर काढलेल्या तीस धावा कोरड्या मैदानावरील शतकाच्या तोडीच्या मानल्या जात. इंग्लंडमधील ओलसर हवामानात खेळण्याची पूर्वतयारी म्हणूनही या स्पर्धेकडे पाहिले गेले.

परंतु ऋतूची ही निवड आर्थिक दृष्टीनेही अर्थपूर्ण आहे. पावसाळी रविवारी, चिखलाने भरलेल्या उघड्या मैदानात तिकीट लावून प्रेक्षक बसविणे शक्य नव्हते. एकाच आझाद मैदानात अनेक सामने शेजारी शेजारी चालत. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या यष्टिरक्षकाजवळ उभा असे. रग्बी युनियनच्या धुरीणांनी जी कारणपरंपरा गृहीत धरली होती, तिची गर्दी आणि पैसा यांना जोडणारी कडीच येथे तुटलेली होती. चुरस होती, चढत्या–उतरत्या श्रेणी होत्या, वरच्या गटात जाण्याची ईर्षा व खाली घसरण्याची भीतीही होती. मात्र प्रवेशमूल्याचे उत्पन्न नव्हते. साखळी असूनही हौशीपणा टिकला, याचे एक कारण हे होय.

५

दुसरे कारण वस्तीच्या रचनेत शोधावे लागते. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रुव्हमेंट ट्रस्टने दादर–माटुंगा भागात नव्या वसाहती आखल्या. त्या भागात मराठी मध्यमवर्ग मोठ्या संख्येने स्थायिक झाला. शिवाजी पार्कचे विस्तीर्ण मैदान आणि माटुंग्याचे दडकर मैदान ही या वर्गाच्या मुलांची क्रीडाशाळा बनली. शिवाजी पार्क जिमखाना व दादर युनियन यांच्यातील स्पर्धा ही कांगा लीगमधील सर्वांत गाजलेली स्पर्धा होय. माधव मंत्री, वासू परांजपे, सुनील गावसकर, दिलीप वेंगसरकर हे दादर युनियनचे. अजित वाडेकर, पद्माकर शिवलकर हे शिवाजी पार्कचे. दोन्ही चमूंतील खेळाडूंची भाषा, शाळा व राहणी बहुतांशी सारखीच असताना त्यांच्यात इतकी ईर्षा असावी, हेच अर्थपूर्ण आहे. येथे प्रतिस्पर्धी परधर्मीय नव्हता. तो पलीकडच्या गल्लीतला होता.

अर्थात हे स्थित्यंतर सर्वस्वी पूर्ण झाले असे म्हणता येणार नाही. पारशी, इस्लाम व हिंदू ही नावे धारण करणारे जिमखाने साखळीतही राहिलेच. नाव तेच राहिले, परंतु त्या नावाखाली खेळणाऱ्याचा धर्म विचारण्याची प्रथा मागे पडत गेली. संस्था मोडण्याऐवजी तिचा आशय बदलावा, हा मुंबईच्या सार्वजनिक जीवनाचा स्वभाव येथेही प्रत्ययास येतो.

६

तथापि मूळ प्रश्न उरतोच. खेळाडूचा वेळ कोण विकत घेत होता? त्याचे उत्तर कचेऱ्यांत सापडते. कचेरी चमूंसाठी असलेल्या टाइम्स शील्ड स्पर्धेमुळे बँका, रेल्वे, गिरण्या व कारखाने यांच्यात चांगले खेळाडू मिळविण्याची चढाओढ लागली. वाडेकर स्टेट बँकेत, गावसकर निरलॉनमध्ये, अशोक मंकड मफतलालमध्ये नोकरीस होते. खेळाडूला खेळाबद्दल वेतन मिळत नसे. नोकरीबद्दल मिळे, आणि सरावासाठी व सामन्यासाठी नोकरीतून सवलत मिळे. हडर्सफील्डच्या बैठकीपूर्वी उत्तर इंग्लंडमधील क्लबांनी जी बुडालेली मजुरी मागितली होती, ती मुंबईत न मागता, निराळ्या नावाने, मालकाकडूनच मिळत होती. कचेरी वेतन देई, क्लब टोपी देई. हौशीपणाचे तत्त्व अबाधित राहून खेळाडूची चूलही पेटत असे. १९५८–५९ ते १९७२–७३ अशी सलग पंधरा वर्षे मुंबईने रणजी करंडक जिंकला, त्यामागे शालेय स्पर्धा, क्लब आणि कचेरी ही त्रिविध व्यवस्था होती.

या तोडग्याची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. उत्तर इंग्लंडमधील रग्बीत खाणीतला मजूर स्वतःच्या हक्काने उतरला होता. मुंबईत कारकुनी नोकरीस पात्र ठरणारा, म्हणजे निदान शाळा शिकलेला तरुणच या व्यवस्थेचा मुख्य लाभार्थी होता. परळ–लालबागच्या गिरणी कामगाराचा खेळ प्रामुख्याने कबड्डीच राहिला. जातिधर्माची भिंत खाली आली. वर्गाची भिंत मात्र पुष्कळ अंशी तशीच राहिली.

७

१९८२ च्या संपानंतर कापड गिरण्यांचा ऱ्हास झाला, कचेऱ्यांतील खेळाडूंच्या जागा घटत गेल्या आणि २००८ मध्ये सुरू झालेल्या इंडियन प्रीमियर लीगने खेळाडूच्या वेळेला उघड बाजारभाव दिला. १९८४ मध्ये अकरा वर्षांचा सचिन तेंडुलकर जॉन ब्राइट क्लबकडून कांगा लीगमध्ये उतरला. मोठ्यांच्या सामन्यात शाळकरी मुलाला जागा देणारी ही व्यवस्था ज्या नोकरीच्या आधारावर उभी होती, तो आधार याच सुमारास ढासळू लागला होता, हे आज मागे वळून पाहता ध्यानात येते.

इंग्लंडमधील रग्बीने हौशीपणा हा नियम मानला आणि त्या नियमापायी खेळ दुभंगू दिला. मुंबईने हौशीपणा ही सोय मानली आणि नियमाचा शब्द राखून त्यातून वाट काढली. पहिल्या मार्गात संघर्ष होता, परंतु कष्टकऱ्याचा दावा इतिहासात नोंदला गेला. दुसऱ्या मार्गात सलोखा होता, परंतु ज्याला नोकरीच मिळाली नाही त्याचा दावा कोठेही नोंदला गेला नाही. कांगा लीगचा गौरव करताना तिच्या या दोन्ही बाजू एकत्र तोलल्या पाहिजेत. पंचरंगी सामन्यांच्या शहरात जन्माऐवजी वस्ती ही खेळाडूची ओळख बनविण्याचे कार्य या साखळीने केले, आणि तेही चिखलात, प्रेक्षकांवाचून. ही कामगिरी लहान नव्हे.