गेमर (सामाजिक ओळख)

गेमर ही व्हिडिओ गेम खेळणाऱ्या व्यक्तीसाठी वापरली जाणारी संज्ञा आहे. शब्दशः अर्थ घेतल्यास संगणक, कन्सोल किंवा मोबाईलवर खेळणारी कोणतीही व्यक्ती गेमर ठरते. व्यवहारात मात्र ही संज्ञा एक सामाजिक ओळख म्हणून वापरली जाते. नियमित खेळणारे अनेक जण स्वतःला गेमर म्हणवत नाहीत, तर स्वतःला गेमर म्हणवणाऱ्या काहींना इतर गेमर तशी मान्यता देत नाहीत. खेळण्याचे साधन, दिलेला वेळ, कौशल्य, खर्च आणि लिंग या निकषांवर 'खरा गेमर कोण' हा वाद जगभर आढळतो. महाराष्ट्रात या वादाला खेळ आणि जुगार यांच्यातील सीमारेषेचा आणखी एक पदर आहे. या लेखात मुख्यतः महाराष्ट्रातील गेमरांच्या विविध गटांची स्वतःकडे व एकमेकांकडे पाहण्याची दृष्टी मांडली आहे.

संज्ञा आणि भाषा

मराठीत खेळणाऱ्या व्यक्तीसाठी 'खेळाडू' हा शब्द रूढ असून विशिष्ट खेळातील प्रावीण्य दाखवण्यासाठी '-पटू' हा प्रत्यय लावतात; उदा. क्रिकेटपटू, कबड्डीपटू, बुद्धिबळपटू. व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांसाठी असा शब्द रूढ झाला नाही आणि 'गेमर' हा इंग्रजी शब्दच स्वीकारला गेला. हा फरक केवळ शब्दांचा नाही. 'खेळाडू' या शब्दाला जो मान आहे तो 'गेमर' या शब्दाला आपोआप मिळत नाही. बुद्धिबळाचा मोठा सराव आज संगणकाच्या पडद्यावर होतो. तरीही २०२५ मध्ये महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकणाऱ्या नागपूरच्या दिव्या देशमुख यांना कोणी गेमर म्हणत नाही. याशिवाय बोलीत एखाद्याचा 'गेम करणे' म्हणजे त्याला फसवणे किंवा त्याचा काटा काढणे असा अर्थ होतो.

गेमरांच्या परस्परसंबंधांसाठी लागणारे शब्द मात्र मराठी मुलांच्या मैदानी खेळांत पूर्वीपासून आहेत. खेळात सामावून घेतलेले, पण ज्याच्यावर राज्य येत नाही असे लहान मूल म्हणजे 'लिंबूटिंबू' किंवा 'कच्चा लिंबू'. आपल्या बाजूचा गडी तो 'भिडू'. हरू लागल्यावर नियम मोडणे किंवा खेळ मोडणे म्हणजे 'रडीचा डाव'. ऑनलाइन खेळांतील 'नूब' (नवशिका), 'टीममेट' आणि 'हॅकर' या संज्ञा साधारण याच भूमिका दर्शवतात. महत्त्वाचा फरक असा की लिंबूटिंबूला सवलत मिळते, तर नूबला बहुधा हिणवले जाते.

डच इतिहासकार योहान हुइझिंगा यांनी 'होमो लुडेन्स' (१९३८) या ग्रंथात लबाडी करणारा आणि खेळ मोडणारा यांच्यात भेद केला आहे. लबाडी करणारा निदान खेळाचे नियम मानण्याचे सोंग करतो. खेळ मोडणारा खेळाचे जगच नाकारतो. म्हणून समाज पहिल्याला दुसऱ्यापेक्षा अधिक सौम्यपणे वागवतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

अभ्यास

मड या बहुखेळाडू संगणकीय खेळाचे एक निर्माते रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार मांडले व त्यांना पत्त्यांच्या रंगांची उपमा दिली:

• चौकट – गुण, पातळ्या व बक्षिसे मिळवण्यासाठी खेळणारे (साधक)
• इस्पिक – खेळाचे जग व त्याची यंत्रणा उलगडून पाहणारे (शोधक)
• बदाम – इतरांशी गप्पा व मैत्रीसाठी खेळणारे (सामाजिक)
• किलवर – इतर खेळाडूंवर मात करण्यात वा त्यांना त्रास देण्यात रस असणारे (मारेकरी)

हे गट एकमेकांकडे कसे पाहतात हेही बार्टल यांनी नोंदवले. साधकांना शोधक हे खऱ्या खेळात न टिकलेले लोक वाटतात. शोधकांना साधक हे निरर्थक ध्येयामागे धावणारे, अजून समज न आलेले खेळाडू वाटतात. मारेकरी वाढले की सामाजिक खेळाडू खेळ सोडून जाऊ लागतात. म्हणजेच एका गटाची संख्या दुसऱ्या गटाच्या टिकून राहण्यावर परिणाम करते. हे वर्गीकरण एका विशिष्ट प्रकारच्या खेळावरून केलेले असल्याने सर्व खेळांना ते जसेच्या तसे लागू होत नाही.

अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणात ४९ टक्के प्रौढ व्हिडिओ गेम खेळत असल्याचे आढळले, पण स्वतःला गेमर म्हणवणारे केवळ १० टक्के होते. खेळणाऱ्यांचे प्रमाण पुरुषांत ५० टक्के व स्त्रियांत ४८ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखे होते. स्वतःला गेमर म्हणवणारे मात्र पुरुषांत १५ टक्के, तर स्त्रियांत ६ टक्के होते. खेळणे आणि ओळख स्वीकारणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी

महाराष्ट्रात व्हिडिओ गेमचा प्रसार टप्प्याटप्प्याने झाला आणि प्रत्येक टप्प्याने खेळाडूंची एक वेगळी पिढी घडवली.

१९९० च्या दशकात शहरांत व तालुक्याच्या गावी व्हिडिओ गेम पार्लर होती. तेथे नाणे किंवा टोकन टाकून यंत्रावर खेळता येई. कॅपकॉम कंपनीचा 'कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स' (१९९३) हा खेळ त्यातील एका पात्राच्या नावावरून 'मुस्तफा' म्हणूनच ओळखला जाई. मुलाने पार्लरमध्ये जाणे घरच्यांना सहसा पसंत नसे. त्याच काळात दूरदर्शन संचाला जोडायची स्वस्त यंत्रे घरोघरी आली. त्यांतील 'मारिओ' व 'कॉन्ट्रा' यांच्या खेळपट्ट्यांना मुले 'कॅसेट' म्हणत. या पिढीत गेमर ही वेगळी ओळख नव्हती. सुटीतील तो एक विरंगुळा होता.

२००० नंतर सायबर कॅफेंत 'काउंटर-स्ट्राइक'सारखे खेळ गटाने खेळले जाऊ लागले. घरच्या संगणकावर खेळणाऱ्यांसाठी मुंबईतील लॅमिंग्टन रोडची बाजारपेठ महत्त्वाची ठरली. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाल्यानंतर मोबाईल इंटरनेट स्वस्त झाले. २०१८ मध्ये आलेल्या 'पबजी मोबाईल'मुळे लहान गावांतील तरुणही शहरांतील खेळाडूंच्या बरोबरीने एकाच रणांगणात उतरले. ज्याच्याकडे संगणक वा कन्सोल कधीच नव्हते, असा मोठा वर्ग यामुळे प्रथमच स्वतःला गेमर म्हणवू लागला.

गट आणि परस्परदृष्टी

संगणक व कन्सोलवर खेळणारे

हा गट स्वतःला परंपरेचा वारसदार मानतो. कथानक, चित्रणाची गुणवत्ता आणि यंत्राची क्षमता यांना त्याच्या लेखी महत्त्व असते. मोबाईलवरील खेळ हे 'खरे' खेळ नव्हेत, असे मत या गटात वारंवार ऐकू येते. संगणकावर खेळणाऱ्यांच्या श्रेष्ठत्वभावनेसाठी इंग्रजीत प्रचलित असलेला 'पीसी मास्टर रेस' हा शब्दप्रयोग समीक्षक बेन क्रोशॉ यांनी २००८ मध्ये उपहासाने केला होता. पुढे काहींनी तो अभिमानाने स्वीकारला. मोबाईलवर खेळणाऱ्यांच्या दृष्टीने ही श्रेष्ठत्वाची भावना कौशल्यातून नव्हे, तर महागडे यंत्र परवडण्यातून येते.

या गटाला अभिमान वाटावा असे काम महाराष्ट्रातही झाले आहे. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओचा 'राजी: अॅन एन्शंट एपिक' (२०२०) हा खेळ द गेम अवॉर्ड्स या आंतरराष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट पदार्पणाच्या विभागात नामांकित झाला होता.

मोबाईलवर खेळणारे

मोबाईल गेमरांतही उतरंड आहे. 'पबजी' व त्याची भारतीय आवृत्ती 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' (बीजीएमआय) खेळणारे आणि 'फ्री फायर' खेळणारे यांच्यातील चढाओढ विशेष परिचित आहे. 'फ्री फायर' कमी क्षमतेच्या फोनवरही चालत असल्याने तो लहान मुलांचा व स्वस्त फोनचा खेळ म्हणून हिणवला गेला. उलट 'फ्री फायर'चे खेळाडू आपल्या खेळाचा वेग आणि सर्वांना परवडण्याजोगे स्वरूप यांचा दाखला देतात. संगणकावर एम्युलेटर वापरून मोबाईलचा खेळ खेळणे दोन्ही गटांत अनेकांना रडीचा डाव वाटते.

शासकीय बंदीचा अनुभव मात्र दोन्ही गटांना सारखाच आला. केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी ११८ ॲपवर बंदी घातली, त्यांत 'पबजी मोबाईल' होता. 'फ्री फायर'वर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली. 'बीजीएमआय' जुलै २०२१ मध्ये सुरू झाला, जुलै २०२२ मध्ये ॲप दुकानांतून हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला.

स्पर्धक आणि प्रक्षेपक

ई-स्पोर्ट्स स्पर्धांत उतरणारे स्वतःला गेमरपेक्षा खेळाडू म्हणवणे पसंत करतात. सराव, प्रशिक्षक, संघ व वेळापत्रक यांचा ते आवर्जून उल्लेख करतात. मुंबईचे नमन माथुर (मॉर्टल) यांच्या 'सोल' संघाने २०१९ ची पबजी मोबाईल इंडिया सिरीज जिंकली आणि ते देशभर परिचित झाले. पुढे खेळाचे थेट प्रक्षेपण व मनोरंजक चित्रफिती हा स्वतंत्र व्यवसाय बनला. मिथिलेश पाटणकर (मिथपॅट) यांच्यासारख्या मुंबईकर निर्मात्यांची लोकप्रियता स्पर्धा जिंकण्यावर नव्हे, तर विनोद आणि संवादावर आधारलेली आहे. स्पर्धकांच्या मते प्रक्षेपकांना कौशल्यापेक्षा अधिक प्रसिद्धी मिळते. प्रक्षेपकांच्या मते प्रेक्षक त्यांच्यामुळेच आले आणि स्पर्धांनाही त्याचा लाभ झाला.

एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी सात गेमरांशी केलेली चर्चा प्रक्षेपित झाली. माथुर व पाटणकर त्यांत होते. गेमिंग आणि जुगार यांतील फरक हा या चर्चेचा एक विषय होता. 'नूब' हा शब्दही या निमित्ताने गेमिंगविश्वाबाहेर चर्चेत आला.

विरंगुळ्यासाठी खेळणारे

नवी मुंबईतील गेमशन कंपनीचा 'लुडो किंग' (२०१६) २०२० च्या टाळेबंदीत घराघरांत खेळला गेला. दूर राहणारे नातेवाईकही त्यावर एकत्र येत. असे खेळ रोज खेळणारे प्रौढ स्वतःला गेमर समजत नाहीत. किंबहुना मुलांच्या गेमिंगवर टीका करताना आपले खेळणे त्यांच्या हिशेबात येत नाही. गेमरही त्यांना आपल्यात धरत नाहीत. खेळांचे अभ्यासक येस्पर यूल यांनी 'अ कॅज्युअल रिव्होल्यूशन' या पुस्तकात हा ठसा तपासला असून, असे खेळाडू बऱ्याचदा वाटते त्यापेक्षा अधिक वेळ व मन लावून खेळतात, असे दाखवले आहे.

महिला गेमर

ऑनलाइन खेळांत आवाजावरून स्त्री असल्याचे कळताच शेरेबाजी होणे, चुकीचे खापर फोडले जाणे किंवा अनाहूत मदत देऊ केली जाणे, हे अनुभव महिला गेमर सांगतात. त्यामुळे काही जणी ध्वनिसंवाद बंद ठेवतात किंवा लिंग न कळणारे टोपणनाव घेतात. याचा परिणाम असा की त्या प्रत्यक्ष खेळत असूनही इतरांना दिसत नाहीत आणि 'मुली गेम खेळत नाहीत' हा समज टिकून राहतो. विदर्भाला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यातील पायल धारे या वर उल्लेखिलेल्या सात गेमरांतील एकमेव महिला होत्या.

खेळ की जुगार

गेमरांच्या सर्व गटांचे ज्या एका मुद्द्यावर एकमत आढळते, तो म्हणजे पैसे लावून रमी, पोकर इत्यादी खेळणारे गेमर नव्हेत. घरच्यांच्या आणि समाजाच्या नजरेत मात्र हा फरक अनेकदा पुसला जातो. 'पत्ते कुटणे' या वाक्प्रचारातील तुच्छता मोबाईलवरील सर्वच खेळांना चिकटते. उलट रमी व कल्पित क्रिकेट संघांचे खेळ चालवणाऱ्या कंपन्या आपल्या ग्राहकांना गेमर आणि स्वतःला गेमिंग उद्योग म्हणवत.

कायद्यात हा प्रश्न कौशल्य आणि नशीब या निकषावर हाताळला जाई. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियमात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले. मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०१९ रोजी मुंबईस्थित 'ड्रीम११'चा खेळ जुगार नसल्याचा निर्णय दिला. २०२१ मध्ये पैसे लावून खेळला जाणारा लुडो कौशल्याचा की नशिबाचा, हा प्रश्नही याच न्यायालयापुढे आला.

राजकारणातही हा विषय गाजला. ऑनलाइन गेमच्या जाहिरातीवरून ऑगस्ट २०२३ मध्ये बच्चू कडू यांनी सचिन तेंडुलकर यांच्या मुंबईतील निवासस्थानाबाहेर आंदोलन केले. जुलै २०२५ मध्ये तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाईलवर रमी खेळत असल्याचा आरोप एका चित्रफितीच्या आधारे झाला. त्यांनी तो नाकारला. त्या महिन्याच्या अखेरीस त्यांच्याकडील कृषी खाते बदलून क्रीडा खाते देण्यात आले.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचे प्रोत्साहन व नियमन करणारा कायदा संमत केला. २२ ऑगस्ट रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यात ई-स्पोर्ट्स, सामाजिक खेळ आणि पैशांचे खेळ असे तीन वर्ग केले आहेत. पैशांच्या खेळांवर, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी आहे. सेवा देणाऱ्यांस ३ वर्षांपर्यंत कैद व १ कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खेळणाऱ्यास शिक्षा नाही. ई-स्पोर्ट्स खेळाडू स्वतः करत असलेला भेद अशा रीतीने कायद्यात आला, तर कौशल्याच्या आधारे स्वतःला खेळाडू म्हणवणाऱ्या रमीपटूंचा दावा गैरलागू ठरला.

कुटुंब आणि आरोग्य

२०१९ च्या सुरुवातीस ११ वर्षांच्या एका मुलाच्या वतीने 'पबजी'वर बंदी मागणारी जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात 'गेमिंग विकार' समाविष्ट असून ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. खेळावरील ताबा सुटणे, इतर कामांपेक्षा खेळाला प्राधान्य मिळणे आणि दुष्परिणाम होऊनही खेळ चालू राहणे ही त्याची लक्षणे आहेत. निदानासाठी ती सहसा किमान १२ महिने दिसावी लागतात. केवळ अधिक वेळ खेळणे म्हणजे विकार नव्हे. पालक बहुधा तासांवरून निष्कर्ष काढतात आणि गेमर बहुधा विकाराची शक्यताच नाकारतात; वैद्यकीय व्याख्या या दोन्ही भूमिकांशी जुळत नाही.

हे सुद्धा पहा

• व्हिडिओ गेम
• ई-स्पोर्ट्स
• जुगार
• बुद्धिबळ
• होमो लुडेन्स