अटकेचा फोटो कोणाच्या मालकीचा? मॉन्टगोमेरीच्या कौंटी जेलपासून आपल्या पोलीस ठाण्यापर्यंत

छातीशी पाटी, पाटीवर आकडा ७०५३, आणि कॅमेऱ्याकडे शांतपणे बघणारी चष्मा लावलेली एक काळी स्त्री. रोझा पार्क्स यांचा हा फोटो आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. दरवर्षी १ डिसेंबरला तो आपल्या ग्रुपवर फिरतो आणि खाली लिहिलेले असते, "बसमध्ये जागा सोडली नाही म्हणून अटक झाली तो क्षण." हे चूक आहे. बसमधली अटक १ डिसेंबर १९५५ ची. हा फोटो २२ फेब्रुवारी १९५६ चा आहे, म्हणजे दुसऱ्या अटकेचा. बसच्या जागेसाठी झालेल्या अटकेचा हा फोटोच नाही. बहिष्काराचे आंदोलन संघटित केले म्हणून जी धरपकड झाली, त्या वेळचा तो आहे. ही बारीकसारीक दुरुस्ती वाटेल. पण याच दुरुस्तीत सगळा इतिहास दडला आहे, म्हणून आम्ही सुरुवात तिथून करतो.

५ डिसेंबर १९५५ पासून मॉन्टगोमेरी शहरातल्या काळ्या लोकांनी सिटी बसमध्ये पाय ठेवणे बंद केले. बस कंपनीचे बहुसंख्य प्रवासी तेच. अडीच महिने झाले तरी लोक चालत होते, गाड्या वाटून घेत होते. शेवटी गोऱ्या सत्तेने १९२१ चा एक कायदा धुंडाळून काढला. "योग्य कारणाशिवाय" कोणाच्या धंद्यावर बहिष्कार घालणे हा त्या कायद्याप्रमाणे अलाबामात गुन्हा होता. ग्रँड ज्युरीने ८९ जणांवर आरोप ठेवले. त्यात पाद्री होते, गृहिणी होत्या, नोकरदार होते.

हिशोब साधा होता. अटक म्हणजे बदनामी, कौंटी जेलचा उंबरा म्हणजे लाज. फोटो काढला, बोटांचे ठसे घेतले की माणूस मान खाली घालेल. पण घडले उलटेच. ई. डी. निक्सन यांनी पोलिसांची वाट पाहिली नाही, ते स्वतःच शेरीफच्या कार्यालयात जाऊन उभे राहिले. त्यांच्या मागोमाग एकेक जण येऊ लागला. बाहेर गर्दी जमली, बाहेर येणाऱ्याचे टाळ्या वाजवून स्वागत होऊ लागले. यादीत आपले नाव आहे की नाही, हे लोक विचारू लागले. मार्टिन ल्यूथर किंग त्या वेळी गावाबाहेर होते. वडिलांनी परत जाऊ नको म्हणून विनवले, तरी ते परतले आणि हजर झाले. त्यांच्या पाटीवर आकडा पडला ७०८९. खटला मात्र एकट्या किंग यांच्यावर चालला. ५०० डॉलर दंड आणि तितकाच कोर्टखर्च, नाहीतर ३८६ दिवस कैद.

ज्या कागदाने शरम द्यायची, त्याच कागदाची भीती एका सकाळी संपली. महाडला पाण्याला हात लावल्यावर आणि नाशिकला काळाराम मंदिरासमोर अटका झाल्यावर आपल्या आजोबा-पणजोबांनी हेच अनुभवले होते. तो अनुभव आपल्याला कोणी वेगळा समजावून सांगायला नको.

पुढे त्या फोटोंचे काय झाले? ते कौंटी शेरीफच्या एका अडगळीच्या खोलीत पडून राहिले. २००४ साली खोली साफ करताना ते सापडले, तेव्हा जगाला कळले की असे अल्बमच आहेत. आणि किंग यांच्या फोटोवर कोणीतरी पेनाने लिहून ठेवले होते, 'मेला', आणि तारीख, ४ एप्रिल १९६८. कोणी लिहिले ते सोडा. पण ज्या दिवशी किंग यांची हत्या झाली त्या दिवसाची नोंद कोणीतरी बारा वर्षांपूर्वीचा अल्बम काढून केली, म्हणजे आरोपी नंबर ७०८९ त्यांच्या लेखी अजून आरोपीच होता. आपल्याकडे हिस्ट्रीशीट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही वृत्ती ओळखीची वाटेल.

आता जरा मागे जाऊ. अमेरिकेत कौंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, फरक इतकाच की तिथला शेरीफ बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेला असतो आणि जेल त्याच्या ताब्यात असते. अटक झाली की नाव, आरोप, तारीख, जामिनाची रक्कम रजिस्टरमध्ये चढते. हे रजिस्टर सार्वजनिक मानले जाते. याच रजिस्टरांमधून पत्रकार डग्लस ब्लॅकमन यांनी अलाबामाचा एक दडपलेला इतिहास बाहेर काढला आणि त्या पुस्तकाला २००९ चे पुलित्झर मिळाले. १९०८ साली शेल्बी कौंटीत ग्रीन कॉटनहॅम नावाच्या बावीस वर्षांच्या काळ्या तरुणाला पकडले. गुन्हा काय? 'भटकेपणा.' म्हणजे हाताला काम असल्याचा पुरावा देता आला नाही. शिक्षा तीस दिवसांची. पण शेरीफची फी, कारकुनाची फी, साक्षीदारांची फी असे सगळे त्याच्याच डोक्यावर चढवले आणि ते फेडण्यासाठी शिक्षा जवळपास वर्षाची झाली. मग कौंटीने त्याला कोळशाच्या खाणीसाठी एका कंपनीला भाड्याने दिले, महिना बारा डॉलरने. काही महिन्यांतच तो तिथे मेला. गुलामगिरी तर १८६५ सालीच कायद्याने संपली होती. अलाबामात कैदी भाड्याने देण्याची ही पद्धत थांबायला १९२८ उजाडले.

'भटकेपणा' हा गुन्हा. हा शब्द वाचून आपल्याला १८७१ आठवायला हवा. त्या साली इंग्रज सरकारने क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट आणला आणि जन्मालाच गुन्हा ठरवले. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह सगळीकडे लागू करता येऊ लागला, नोंद झालेल्या माणसाचे बोटांचे ठसे घेण्याची सोय झाली. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड हजेरी लागायची. अलाबामात निदान पकडायला काहीतरी निमित्त शोधावे लागे. इथे पारधी, कैकाडी, भामटा म्हणून जन्माला येणे पुरेसे होते. वर्ण आणि जात यांची तुलना करताना आपले काही विद्वान घाईघाईने दोन्ही एकच म्हणतात. एकच नाहीत. पण रजिस्टर नावाची वस्तू दोन्हीकडे एकाच कामाला लावली गेली, हे नाकारता येणार नाही. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या जमाती विमुक्त झाल्या, पण लगेच 'सराईत गुन्हेगार' नावाचे राज्याराज्यांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. जुन्या बाटलीवर नवे लेबल.

म्हणजे अटकेच्या नोंदी बंदच ठेवाव्यात का? आमच्या काही तरुण मित्रांचे हेच म्हणणे असते, आणि त्यामागचे दुःख आम्ही जाणतो. ३ जानेवारी २०१८ च्या बंदनंतर ज्या मुलांवर गुन्हे नोंदले गेले, त्यांना पोलीस व्हेरिफिकेशनच्या वेळी काय सोसावे लागते हे आपण आपल्या वस्त्यांमध्ये पाहतो. कोर्टाने दोषी ठरवलेले नाही, पण नोकरी गेली.

अमेरिकेत तर या नोंदींचा बाजार झाला. शेरीफच्या वेबसाइटवरून अटकेचे फोटो उचलायचे, आपल्या साइटवर टाकायचे, आणि ज्याचा फोटो आहे त्याच्याकडून काढून टाकण्याचे पैसे मागायचे. खटला रद्द झालेला असो की माणूस निर्दोष सुटलेला असो, फोटो तसाच. कारण अटक कौंटीच्या जेलमध्ये नोंदली जाते आणि निकाल कोर्टाच्या कारकुनाकडे असतो. पहिली नोंद एका क्लिकवर मिळते, दुसरी शोधावी लागते. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅटर्नी जनरलनी अशाच एका साइटच्या चार चालकांवर खंडणीचे गुन्हे दाखल केले. पेनसिल्व्हेनियातल्या बक्स कौंटीने तर स्वतःच हजारो जुन्या कैद्यांची माहिती फोटोसह इंटरनेटवर शोधता येईल अशी ठेवली होती. २०१९ मध्ये ज्युरीने सुमारे ६७ हजार जणांना प्रत्येकी एक हजार डॉलर द्यावेत असा कौल दिला. २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या पोलिसांनी असे फोटो सरसकट देणे थांबवले. कारण उघड सांगितले, काळ्या माणसांचे चेहरे पुन्हा पुन्हा दाखवल्याने गुन्हा म्हणजे काळा चेहरा असा समज पक्का होतो.

एवढे सगळे असूनही आम्ही म्हणतो, नोंद उघडी हवी. कारण गुप्त अटक ही त्याहून भयंकर गोष्ट आहे. कोणाला उचलले, कुठे ठेवले, कोणी ठेवले हे लपलेले असते तेव्हा कोठडीत माणूस मरतो. डिसेंबर २०२४ ची परभणी आपण विसरलेलो नाही. डी. के. बसू निकालाने अटकेचे नियम घालून दिले ते यासाठीच. नंतर कायद्यात तरतूद आली की प्रत्येक जिल्ह्यात पोलीस कंट्रोल रूम असावी आणि तिच्या बाहेर फलकावर अटक झालेल्याचे नाव-पत्ता, अटक करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव-हुद्दा लावावा. हे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४१-ग होते; आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ प्रमाणे अटक झालेल्याचे नाव-पत्ता आणि आरोपाचे स्वरूप प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायचे असते. आपल्या जिल्ह्यात हा फलक कुठे आहे, हे किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे? वस्तीत कोम्बिंग ऑपरेशन होते त्या रात्री सर्वांत आधी तिथे जायला हवे.

फरक ओळखा. अटक करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव, वेळ, ठाणे, आरोप ही सरकारच्या कृतीची नोंद आहे, ती लोकांची आहे. माणसाचा चेहरा आणि जात ही सरकारची मालमत्ता नाही. आपल्याकडे नेमके उलटे चालते. आरोपीचा फोटो संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर असतो आणि पकडणाऱ्याचे नाव माहिती अधिकारातही मिळत नाही. सुप्रीम कोर्टालाही आता हे मान्य करावे लागले. मे २०२४ मध्ये अमानतुल्ला खान प्रकरणात कोर्टाने म्हटले की मागास समूहांतल्या निरपराध लोकांच्या नोंदी यांत्रिकपणे हिस्ट्रीशीटमध्ये चढवल्या जाऊ नयेत. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुकन्या शांता यांच्या याचिकेवर तुरुंगाच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश झाला. संविधान लागू होऊन पंचाहत्तरावे वर्ष चालू होते, तोवर तो रकाना होता.

मिसिसिपीत १९६१ च्या फ्रीडम रायडर्सचे तीनशेहून अधिक फोटो राज्याच्या हेरगिरी करणाऱ्या सॉव्हरिन्टी कमिशनच्या फायलींत होते. विधिमंडळाने त्या फायली २०२७ पर्यंत सीलबंद केल्या होत्या. कार्यकर्ते कोर्टात गेले, वर्षानुवर्षे भांडले, १९९८ मध्ये त्या उघडल्या. एरिक एथरिज यांनी ते फोटो घेऊन त्याच माणसांना म्हातारपणी शोधून काढले, पुन्हा फोटो काढले आणि २००८ मध्ये पुस्तक केले. पोलिसांनी काढलेला फोटो आता नातवंडांनी भिंतीवर लावावा असा झाला.

आपल्या नामांतराच्या लढ्यात, १९७८ पासून १९९४ पर्यंत, लाँग मार्चमध्ये, सत्याग्रहांत किती जण तुरुंगात गेले त्यांची यादी आपल्या कोणाकडे आहे? आठवणी आहेत, कागद नाहीत. ते लोक आता सत्तरी-ऐंशीत आहेत. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(३) प्रमाणे वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती, देशाची सुरक्षा, विधिमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाची कागदपत्रे असे मोजके अपवाद सोडले तर, नाकारता येत नाही. तपासाची सबब तिथे चालत नाही. अर्ज तुरुंग अधीक्षकांकडे आणि जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे वेगवेगळा करावा, तारीख, गाव आणि तुरुंगाचे नाव नेमके लिहावे, आणि कागद नष्ट केले असे उत्तर आले तर नष्ट करण्याच्या आदेशाची आणि यादीची प्रत मागावी. ज्यांच्या घरात त्या काळात तुरुंगात जाऊन आलेले कोणी आहे, त्यांनी आधी त्यांच्याकडून ठाण्याचे नाव आणि महिना लिहून घ्यावा. अर्जाचा मसुदा आम्ही करून देऊ.