खालचा सूर कुणाच्या हातात?

आजच्या बोलण्याचा विषय ऐकून तुमच्यातल्या काही जणी हसतील. बास गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर! शेळी, शिलाई मशीन, पापडाचा उद्योग यांवर आपण पुष्कळ बोललो. आता हे कुठलं वाद्य? पण जरा धीर धरा. ही गोष्ट आपल्या कणकेपासूनच सुरू होते.

भजनाला बसण्याआधी मृदंग वाजवणारा काय करतो, ते आठवा. आपल्याकडे मळलेल्या कणकेचा गोळा मागतो आणि मृदंगाच्या डाव्या तोंडाला, म्हणजे धुमेला, थापतो. कणीक लावली की कातडं जड होतं. जड झालेलं कातडं सावकाश हलतं आणि सावकाश हललं की आवाज खाली उतरतो. कणीक वाळली, गळून पडली, की मृदंग पोकळ वाटतो. तबल्याचा डग्गा, तंबोऱ्याची खर्जाची जाड तार, सगळ्यांचं गणित हेच. जे जड, ते खोल बोलतं. इंग्रजीत या खालच्या सुराला ‘बास’ म्हणतात. म्हणजे बास ही वस्तू आपल्याला नवी नाही. नवं आहे ते यंत्र.

खालचा आणि मोठा आवाज कुणाच्या मालकीचा, हा प्रश्न तर फारच जुना आहे. आपलं रोहिणखेड बालाघाटाच्या पायथ्याशी, खानदेश आणि वऱ्हाडाच्या वाटेवर. इथं १४३७ मध्ये बहामनी सरदार खलफ हसन यानं खानदेशच्या नसीर खानाचा पराभव केला. पुढं सोळाव्या शतकाच्या अखेरीला निजामशाहीच्या गादीसाठी पुन्हा इथंच रण पेटलं. त्या काळात नगारा म्हणजे नुसतं वाद्य नव्हतं, ती सत्तेची खूण होती. आपल्या दारात नौबत वाजवायची तर बादशहाची परवानगी लागायची. ज्याचा नगारा मोठा, त्याचा हुकूम मोठा. गावात आज ज्याच्या दारात स्पीकरच्या पेट्यांची भिंत उभी राहते, त्याचाही रुबाब तसाच असतो. काळ बदलला, खोड तीच राहिली.

आता कुणी म्हणेल, “गिटार काय आपलं वाद्य आहे का?” मग आपल्या पेटीकडे बघू. हार्मोनियमशिवाय आपलं भजन होत नाही. पण ती आली फ्रान्सहून. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबां यानं १८४२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. मांडी घालून बसून, एका हातानं भाता मारत वाजवायची पेटी कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी घडवली. ही पेटी आपली नाही म्हणून आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत तिला बंदी घातली होती! रेडिओवर बंदी आणि गावोगावच्या देवळात भजन, असं तीस वर्षं चाललं. शेवटी जिंकली पेटीच.

बेंजोचंही तसंच. मिरवणुकीत चाल काढणारं हे बटणांचं वाद्य जपानचं. नागोया शहरात १९१२ मध्ये गोरो मोरिता यांनी तैशोगोतो नावानं ते तयार केलं. आपल्याकडे ते बुलबुलतरंग झालं आणि महाराष्ट्रात बेंजो. ढोल-ताशापुढं त्याचा नाजूक आवाज टिकेना. मग आपल्या पोरांनी तारांखाली पिकअप बसवला आणि वायर अ‍ॅम्प्लिफायरला जोडली. पिकअप म्हणजे तारेची थरथर विजेत बदलणारं छोटं लोहचुंबक. विजेवरचं तारवाद्य महाराष्ट्राच्या रस्त्यावर आलं ते असं. म्हणून बास गिटारला परकी म्हणण्याआधी बेंजोला विचारावं लागेल.

अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे बारीक आवाजाला विजेचं बळ देणारं यंत्र. लहान पाटाच्या पाण्यानं मोठ्या धरणाचा दरवाजा कमीजास्त करावा, तसं ते काम करतं. माईकमधून येणारी वीज अगदी थोडी, पण ती मोठ्या विजेला हलवते. हे जमलं ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये काढलेल्या काचेच्या नळीमुळे, म्हणजे व्हॉल्व्हमुळे. १९१५ मध्ये अमेरिकेत जेन्सन आणि प्रिडहॅम या दोघांनी लाउडस्पीकरला मॅग्नाव्हॉक्स नाव दिलं. त्याचा अर्थच ‘थोर आवाज’. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर आला आणि पुढं यंत्र हलकं, स्वस्त झालं, बॅटरीवर चालू लागलं. तेव्हा कुठं ते खेड्यापर्यंत पोचलं.

पोचलं ते भोंगा होऊन. देवळावर, सिनेमाच्या तंबूवर, निवडणुकीच्या जीपवर. भोंगा शब्द लांबवर नेतो, पण खालचा सूर त्याला झेपत नाही. त्याचं कारण समजून घेऊ. आपण बायका बोलतो तेव्हा आपला आवाज सेकंदाला साधारण २०० वेळा थरथरतो. बास गिटारची सगळ्यात जाड तार फक्त ४१ वेळा थरथरते. तिची एकेक लाट हवेत सुमारे २७ फूट लांब असते. एवढी लाट ढकलायला रुंद कागदी पडदा आणि मोठी पेटी लागते, छोट्या तोंडाच्या भोंग्याचं ते काम नाही. म्हणून भोंग्यावरच्या जुन्या भजनात ढोलकीची टाप ऐकू यायची आणि घुमारा हरवायचा.

बास गिटारचा जन्मही अशाच अडचणीतून झाला. पूर्वी वाद्यवृंदात खालच्या सुराला डबल बास असायचा. माणसाहून उंच, व्हायोलिनच्या घरातला. तो वाहून न्यायचा म्हणजे संकट, आणि एवढा मोठा असून बाकीच्या वाद्यांत त्याचा आवाज बुडायचा. १९५१ मध्ये अमेरिकेत लिओ फेंडर यांनी त्याचं काम करणारी विजेची बास गिटार बाजारात आणली. गळ्यात अडकवता येणारी, चार तारांची. सूर नेमका लागावा म्हणून दांड्यावर पट्ट्या होत्या, म्हणून नावही ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूक. पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, तिच्यासाठी ‘बासमन’ नावाचा वेगळा अ‍ॅम्प्लिफायर आला. साध्या यंत्रानं हा सूर पेलत नाही, हे कळल्यामुळेच वेगळं यंत्र करावं लागलं.

आपल्याकडे हे वाद्य मुंबईमार्गे आलं. धोबी तलावाजवळ फुर्टाडोज हे वाद्यांचं दुकान १८६५ पासून आहे. सिनेमाच्या वाद्यवृंदात गोव्याचे वादक पुष्कळ होते, स्वरलिपी वाचून वाजवणारे. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बास गिटार वाजवत. गाणं ऐकताना गायिकेचं नाव आपल्या ओठावर असतं, खालून गाणं उचलून धरणारा कधी आठवत नाही. पण तो थांबला, तर गाणं जमिनीवरून सुटल्यासारखं वाटतं.

“हे बाईचं काम नाही,” असं म्हणणाऱ्यांसाठी दोन नावं. पहिलं अमेरिकेतल्या कॅरोल के यांचं. त्या गिटार वाजवायच्या. १९६३ मध्ये एका ध्वनिमुद्रणाला बासवाला आलाच नाही, तेव्हा त्यांनी बास हातात घेतली आणि पुढं हजारो ध्वनिमुद्रणं केली. शिकणाऱ्यांसाठी पुस्तकही लिहिलं. दुसरं नाव मुंबईच्या मोहिनी डे यांचं. १९९६ चा जन्म. वडीलही बासवादक, त्यांच्याकडूनच लहानपणी धडे घेतले. ए. आर. रहमान यांच्यासोबत वाजवलं, आणि आज जगभर कार्यक्रम करतात.

हा सगळा इतिहास आम्ही का शोधला, ते आता सांगतो. आमच्या बचत गटापुढं एक अर्ज आला होता. गटातल्या एका ताईंची मुलगी लग्नसराईत ऑर्केस्ट्रात वाजवते, उसन्या बासवर. स्वतःची बास आणि छोटा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला ताईंनी कर्ज मागितलं. शेळीसाठी मागितलं असतं तर पाच मिनिटांत मंजूर झालं असतं. या अर्जावर दोन बैठका गेल्या.

विरोध करणाऱ्या वेड्या नव्हत्या. एक काकू म्हणाल्या, “शेळी मेली तर विम्याचं तरी बघता येतं. लग्नसराई संपली की हप्ता कुठून येणार?” दुसरीचं म्हणणं, रात्रीचा कार्यक्रम, पोरीनं घरी यायचं कसं? हे दोन्ही प्रश्न खरे होते. पण एक आजी म्हणाल्या ते सगळ्यांच्या मनात राहिलं: “आपण जन्मभर दुसऱ्याच्या माईकवर गायलो. त्यानं बटण बंद केलं की आपण गप. एक तरी वस्तू आपल्या पोरीच्या नावावर असू द्या.”

शेवटी कर्ज मंजूर झालं, अटी घालून. हप्ते लग्नसराईत मोठे, पावसाळ्यात लहान. येण्याजाण्याची सोय ऑर्केस्ट्रावाल्यानं आधी ठरवायची. पावती मुलीच्या नावाची. दोघी शेवटपर्यंत नाहीच म्हणाल्या. त्यांचं म्हणणंही नोंदवहीत लिहून ठेवलं.

खरेदी करताना जे शिकलो, ते तुमच्याही कामाचं आहे. भजनी मंडळाचा माईकसंच घ्यायचा असला तरी यातलं बरंच उपयोगी पडेल.

बास जुनी घेत असाल तर दांडा डोळ्यासमोर धरून बंदुकीसारखा बघा. वाकला असेल तर विचारा, आतल्या सळईनं तो सरळ होतो का. प्रत्येक पट्टीवर प्रत्येक तार वाजवून बघा, कुठं खडखड होते का. बटणं फिरवताना खरखर आली तर साफसफाई लागेल, तेवढी किंमत कमी करून मागा. तारांची लांबी बहुधा ३४ इंच असते. हात लहान असेल तर ३० इंचांची आखूड बासही मिळते. नव्या तारांचा खर्च वेगळा धरा.

अ‍ॅम्प्लिफायरच्या डब्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. पीएमपीओ म्हणून हजारांत आकडा छापलेला असतो, तो निव्वळ दिखावा. ‘आरएमएस किती वॅट?’ असं विचारा. आणि दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज नव्हे. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. घरी रियाजाला २०-३० वॅट पुरतात. हेडफोनची जागा असली तर उत्तम, रात्री घरातलं तान्हं जागं होत नाही. बास साध्या गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरला लावून आवाज वाढवू नका, स्पीकरचा पडदा फाटतो. वेगळी पेटी जोडायची तर मागचा ओहमचा आकडा बघा. यंत्रावर कमीत कमी ८ ओहम लिहिलं असेल तर ४ ओहमची पेटी जोडू नका. यंत्र तापतं आणि जळतं.

सगळ्यात महत्त्वाचं अर्थिंग. तीन पिनांचा प्लग मोडून दोन पिनांनी चालवणं, नाहीतर उघड्या वायरी सॉकेटात खोचणं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. हातात तारा आणि ओठाला माईक असताना अर्थिंग नसेल तर विजेचा झटका जीव घेऊ शकतो. दुकानदार चावट हसला तरी चालेल, पण वायरमनकडून अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय यंत्र सुरू करू नका.

खोल आवाजाची ताकद हातात आली की जबाबदारीही येते. बासची लाट लांब असते, म्हणून ती भिंतीनं अडत नाही. शेजारच्या घरात गाण्याचे शब्द जात नाहीत, धडधड मात्र जाते. बाळंतीण, आजारी म्हातारा, परीक्षेचं पोर, तिघांनाही ती लागते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सरकारनं ठरवून दिलेल्या मोजक्या सणांच्या दिवशी तेवढी मध्यरात्रीपर्यंत सवलत. डॉल्बीच्या भिंतीविरुद्ध आपण बोलतो, तर आपल्या पेटीलाही तोच नियम.

नगारा बादशहाच्या परवानगीनं वाजायचा. आज यंत्र विकत मिळतं, परवानगी मनातल्या मनात अडते. तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक काम करा. तुमच्या गावात माईकसंच कुणाकुणाच्या मालकीचे आहेत, त्याची यादी करा. देऊळ, मंडळ, पंचायत, शाळा, डीजेवाला. त्यात बाईच्या नावाचा किंवा गटाच्या नावाचा एकही नसेल, तर तुमच्या शिलकीत काय बसतं ते मोजा आणि आम्हाला कळवा. बाजारात दोघी जणी जा, पावती मागा, आणि पैसे देण्याआधी यंत्र स्वतः वाजवून बघा.