परवानगी मिळाली म्हणजे मान्यता मिळाली का?

परवा एका ओळखीच्या गृहस्थांचा फोन आला. मुलीला नीटमध्ये बऱ्यापैकी मार्क आहेत, एका नव्या सरकारी मेडिकल कॉलेजात नंबर लागण्यासारखा आहे. त्यांचा प्रश्न साधा होता. "कॉलेज तर चालू झालंय, पण अजून मान्यता नाही म्हणतात. मग चालू कसं केलं? आणि पोरीची डिग्री चालेल ना?"

फोनवर दोन मिनिटांत उत्तर दिलं, पण त्यांचं समाधान झालं नाही आणि खरं सांगायचं तर माझंही नाही. कारण या प्रश्नामागे जवळपास १८० वर्षांचा इतिहास आहे. तो कळला की आज आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजकडे काय बघायचं तेही कळतं. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

आधी सरळ उत्तर. आपल्याकडे परवानगी आणि मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवं कॉलेज काढायचं तर राज्य सरकारचं 'गरज आहे' असं प्रमाणपत्र लागतं, आरोग्य विद्यापीठाची संलग्नता लागते, आणि मग राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची परवानगी लागते. ती मिळाली की प्रवेश देता येतात. पदवीची मान्यता मात्र पहिली बॅच शेवटच्या वर्षाला पोचते आणि तिची परीक्षा होते, तेव्हा ठरते. म्हणजे पहिल्या बॅचची पोरं चार-साडेचार वर्षं परवानगीवरच शिकतात. हे बेकायदेशीर नाही, पद्धतच अशी आहे. राज्य जे प्रमाणपत्र देतं त्यातच 'कॉलेजचं काही बरंवाईट झालं तर मुलांची जबाबदारी आमची' अशी हमी असते. त्यामुळे त्या मुलीच्या वडिलांनी लगेच घाबरायचं कारण नाही.

पण ही अशी दोन टप्प्यांची भानगड आली कुठून? थोडं मागे जाऊ.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झालं. नाव गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांचं, आणि शेजारी सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून उभं राहिलेलं हॉस्पिटल, म्हणजे आपलं जे. जे. ही जोडी लक्षात ठेवा. हॉस्पिटलशिवाय कॉलेज नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. १८५१ साली पहिली तुकडी बाहेर पडली, त्यात भाऊ दाजी होते. तेव्हा मुंबई विद्यापीठही जन्माला आलेलं नव्हतं, ते १८५७ चं. पुढे कॉलेज विद्यापीठाला जोडलं गेलं आणि पदव्या विद्यापीठ देऊ लागलं.

आता प्रश्न आला, ही पदवी चांगली आहे हे ठरवणार कोण? ब्रिटनमध्ये १८५८ च्या कायद्याने जनरल मेडिकल कौन्सिल स्थापन झालं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या कौन्सिलने भारतीय पदव्या स्वीकारल्या. म्हणजे मुंबईचा डॉक्टर लंडनच्या नोंदवहीत नाव घालू शकत होता. मुंबई प्रांतात १९१२ साली स्वतःचा वैद्यकीय कायदा आला, डॉक्टरांची नोंदणी इथे होऊ लागली. पण कॉलेजच्या दर्जावर शेवटचा शिक्का लंडनचाच.

पहिल्या महायुद्धानंतर लंडनने कुरकुर सुरू केली. तक्रार होती बाळंतपणाच्या शिक्षणाची. तिथला नियम असा की प्रत्येक विद्यार्थ्याने ठरावीक संख्येने बाळंतपणं स्वतः हाताळलेली असली पाहिजेत. आपल्याकडे तेव्हा बाई बाळंतपणाला हॉस्पिटलात यायचीच नाही. घरी सुईण असायची. वॉर्डात बाळंतिणीच नाहीत तर विद्यार्थी शिकणार कशावर? १९२२ साली सर नॉर्मन वॉकर यांना पाहणीसाठी पाठवलं गेलं. मग कर्नल नीडहॅम या अधिकाऱ्याकडे कॉलेजांच्या तपासणीचं काम आलं.

इथे स्वाभिमानाचा मुद्दा आडवा आला, आणि तो खोटा नव्हता. तपासनीस त्यांचा, अहवाल लंडनला जाणार, आणि खर्च आपल्या तिजोरीतून! कायदेमंडळातल्या भारतीय सदस्यांनी या व्यवस्थेला विरोध केला. त्या काळातल्या मुंबईतच याचं उत्तर शोधण्याची धडपड चालू होती. परळला केईएम हॉस्पिटल आणि शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज १९२६ च्या सुमारास सुरू झालं, तेच मुळी या अटीवर की शिकवणारे भारतीय असतील आणि सरकारी सेवेतले नसतील. कारण तोवर प्राध्यापकपदं मुख्यतः गोऱ्या लष्करी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडेच जायची. डॉ. जीवराज मेहता तिथले पहिले डीन.

१९३० साली लंडनच्या कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. इथे प्रॅक्टिस करायला अडचण नव्हती, पण ब्रिटनमध्ये नाव नोंदवता येईना. शिवाय वरच्या सरकारी वैद्यकीय सेवेचा रस्ता त्या नोंदणीतूनच जात होता. अपमान तर होताच.

आता बघा, यात दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. तपासणीमागे साम्राज्याची मिजास होती हे खरं. आणि वॉर्डात बाळंतिणी कमी होत्या, हेही खरंच. आपण पहिल्या गोष्टीवर खूप बोललो, दुसरीवर कमी. पुढच्या सगळ्या गोष्टीत हेच पुन्हा पुन्हा दिसतं.

उत्तर म्हणून १९३३ साली इंडियन मेडिकल कौन्सिल कायदा आला आणि १९३४ साली आपलं स्वतःचं कौन्सिल बसलं. आता आपल्या कॉलेजांची परीक्षा आपणच घेणार. ब्रिटननेही काही वर्षांत पुन्हा आपल्या पदव्या स्वीकारायला सुरुवात केली. मोठीच गोष्ट होती ही. पण एक कोपरा अंधारात राहिला. नव्या कौन्सिलचं लक्ष फक्त विद्यापीठाच्या पदवीवर होतं. मेडिकल स्कूलमधून कमी मुदतीचा कोर्स करून निघणारे लायसेन्शिएट डॉक्टर, ज्यांच्यावर तालुक्याचे दवाखाने चालायचे, ते या चौकटीबाहेर राहिले. पुण्याचं बी. जे. हे आधी असं स्कूलच होतं, कॉलेज झालं ते १९४६ साली. नागपूरच्या रॉबर्टसन स्कूलच्या जागी १९४७ साली सरकारी मेडिकल कॉलेज आलं. दर्जा वर गेला, चांगलंच झालं. पण खेड्यात डॉक्टर कोण जाणार, हा प्रश्न तेव्हापासून जो लोंबकळतोय तो आजही सुटलेला नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५६ साली नवा कायदा आला. त्यात एक मोठी फट होती. कॉलेज काढायला राज्य सरकार आणि विद्यापीठ यांचा होकार पुरे होता. दिल्लीचं कौन्सिल यायचं नंतर, पदवीला मान्यता द्यायची वेळ आली की. १९८० च्या दशकात महाराष्ट्रात विनाअनुदानित खासगी कॉलेजांना दार उघडलं आणि ही फट केवढी मोठी आहे ते दिसलं. कॅपिटेशन फी हा शब्द घराघरात पोचला, इतका की १९८७ साली राज्याला तिच्यावर बंदी घालणारा कायदा करावा लागला. आणि एकदा दोन-तीन बॅच आत गेल्या की कौन्सिल नाही कसं म्हणणार? पोरं रस्त्यावर, पालक कोर्टात, पुढारी मंत्रालयात.

म्हणून १९९३ साली कायद्यात १० अ हे कलम आलं. आता आधी केंद्राची परवानगी, मग प्रवेश. आधी इरादापत्र, मग परवानगी, मग दरवर्षी नूतनीकरण आणि शेवटी मान्यता. वडिलांनी विचारलेला तो परवानगी-मान्यतेचा जिना इथे पक्का झाला.

कागदावर उत्तम. पण याचा एक परिणाम असा झाला की कॉलेजचं भवितव्य तपासणीच्या एक-दोन दिवसांवर येऊन ठेपलं. मग त्या दिवसांपुरती लगीनघाई सुरू झाली. बाहेरगावचे डॉक्टर त्या दिवसापुरते प्राध्यापक म्हणून उभे करायचे. आसपासच्या गावांतून माणसं आणून खाटांवर झोपवायची, संध्याकाळी घरी सोडायची. जे शिकून बाहेर पडले त्यांच्याशी बोला, अशा गोष्टी हसत हसत सांगतात. हसण्यासारखं त्यात काही नाही. खाटेवरचा माणूस आजारी नसेल तर विद्यार्थी छातीला नळी लावून ऐकणार काय?

आणि परीक्षकच? एप्रिल २०१० मध्ये सीबीआयने लाचेच्या प्रकरणात कौन्सिलच्या तत्कालीन अध्यक्षांना अटक केली, आणि सरकारने कौन्सिल बरखास्त करून कारभार नियामक मंडळाकडे दिला. २०१६ साली संसदेच्या समितीने कौन्सिलच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले, त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने निवृत्त सरन्यायाधीश लोढा यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती नेमली. अखेर २०१९ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा कायदा झाला आणि सप्टेंबर २०२० मध्ये जुनं कौन्सिल इतिहासजमा झालं. परकी नजर नको म्हणून मोठ्या अभिमानाने जे उभं केलं, ते आपल्याच लोकांच्या हातून गेलं.

आयोग आल्यावर पद्धत बदलली. जमिनीच्या क्षेत्रफळाच्या वगैरे अटी सैल झाल्या. शिक्षकांची हजेरी आधारला जोडलेल्या यंत्रावर आली. २०२३ च्या नियमांप्रमाणे १०० जागांच्या कॉलेजला ४२० खाटांचं हॉस्पिटल लागतं, ५० जागांना २२०. त्याच वर्षी जागतिक वैद्यकीय शिक्षण महासंघाने आयोगालाच १० वर्षांसाठी मान्यता दिली. म्हणजे मान्यता देणाऱ्यालाही कुणाची तरी मान्यता लागते! १९३० साली जे आपल्याला टोचलं, ते आता आपण स्वतःहून अर्ज करून घेतलं, आणि त्यात वावगं काही नाही. आपल्या पोरांना बाहेर शिकायला जायचं तर ते लागतंच.

पण सगळं आलबेल झालं असं समजू नका. तपासणीची गुप्त माहिती कॉलेजांना आधीच पुरवली जाते, असा आरोप असलेला गुन्हा सीबीआयने २०२५ मध्ये नोंदवला. कोर्टात काय सिद्ध होईल ते होईल, पण यंत्र बदलून खोड जात नाही एवढं कळायला निकालाची गरज नाही.

आता आपल्या दारात येऊ. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात एकाच दिवशी १० सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं. मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशीम, भंडारा, हिंगोली आणि अंबरनाथ. मिळून ९०० जागा. यातल्या बहुतेकांना आयोगाने आधी नकार दिला होता, राज्याने अपील केलं आणि मग परवानग्या आल्या. मी या कॉलेजांच्या विरोधात मुळीच नाही. गडचिरोलीत, हिंगोलीत मेडिकल कॉलेज व्हावं ही मागणी जुनी आहे आणि रास्त आहे. आजही रात्री-बेरात्री पेशंट घेऊन नागपूर नाहीतर नांदेड गाठावं लागतं. जिल्ह्यात कॉलेज आलं तर सिव्हिलला तज्ज्ञ डॉक्टर मिळतील, हीच तर आशा आहे.

पण नकार का आला होता, हा प्रश्न आपण विचारायचा नाही का? कॉलेज आलं की फटाके, बॅनर, पेढे. शिक्षकांच्या रिकाम्या पदांसाठी कुणी बॅनर लावलेला मी पाहिला नाही. एका कॉलेजातला प्राध्यापक उचलून दुसऱ्यात दाखवला तर कागदावर दोन कॉलेजं होतात, पण माणूस एकच राहतो. जुन्या ठिकाणचे विद्यार्थी आणि पेशंट दोघंही उघडे पडतात.

म्हणून त्या गृहस्थांना मी शेवटी एवढंच सांगितलं, आणि तुम्हालाही सांगतो. मान्यतेचं पत्र कधी येईल हे विचाराच, पण त्याआधी कॉलेजला एक चक्कर मारा. कुठल्याही साध्या मंगळवारी, न सांगता. ओपीडीत रांग आहे का बघा. मेडिसिन, सर्जरी आणि बाळंतपणाच्या वॉर्डात खाटा भरलेल्या आहेत का बघा. तिथल्या विद्यार्थ्यांना विचारा, गेल्या महिन्यात कुणी कुणी शिकवलं, त्यांची नावं सांग. पटापटा नावं आली तर मुलीला खुशाल पाठवा.

लंडनचा साहेब असो, दिल्लीचं कौन्सिल असो की आधारचं यंत्र, बाहेरून येणारा तपासनीस वर्षातून एखाद्या दिवशी येणार. रोजचे तपासनीस आपणच आहोत, कारण उद्या त्याच वॉर्डात आपलाच माणूस झोपणार आहे आणि त्याच कॉलेजची पोरं त्याच्यावर उपचार करणार आहेत.

तुमच्या जिल्ह्यातल्या नव्या कॉलेजची तुम्ही डोळ्यांनी बघितलेली परिस्थिती कमेंटमध्ये जरूर लिहा. ऐकीव नको, बघितलेलीच लिहा. चांगलं दिसलं असेल तर तेही लिहा, नवीन पालकांना उपयोग होईल.