मुडदूस आणि ऊन

पहिले महायुद्ध संपले तेव्हा व्हिएन्नात मुडदुसाने पाय वाकलेली पुष्कळ मुले होती. १९१९ मध्ये हॅरिएट चिक या ब्रिटिश संशोधिका तेथे गेल्या. फॉन पिर्के यांच्या बालरुग्णालयात काही मुलांना कॉड माशाच्या यकृताचे तेल दिले, काहींना उन्हात ठेवले. दोन्हींनी हाडे सुधारली. त्याच वर्षी बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी मुलाच्या एकाच हातावर अतिनील किरण सोडले. दुसऱ्या हाताचे हाडही सुधारले. म्हणजे औषध त्वचेत तयार होऊन रक्तातून फिरत होते. १९२२ मध्ये अमेरिकेतील मॅकॉलम यांनी तेलातील ते द्रव्य 'अ' जीवनसत्त्वाहून निराळे असल्याचे दाखविले. तेच 'ड' जीवनसत्त्व.

हे शिकविताना माझी मान खाली जाते. "उन्हात मुले काळवंडतात," अशी तक्रार पालकांनी मराठीत केली, कन्नडमध्येही केली, आणि मुख्याध्यापक म्हणून मीच खेळाचा तास वर्गात घ्यायला लावला. कोवळे ऊन पुरते, अशी समजूतही होती. पण सकाळी लवकरच्या उन्हात हे किरण फारच थोडे. आपली सावली आपल्याहून आखूड पडते तेव्हा ते भरपूर मिळतात. यंदा तो तास मी पुन्हा मैदानावर नेला आहे. पालकहो, आता तक्रार करू नका.